पंधरा इंची आगगाडीच्या शेजारी

मोठ्या हॉटेलांचा मला मनस्वी कंटाळा आहे. तेथे पाहुण्यास खोलीच्या क्रमांकाने ओळखतात आणि निघताना बिलाच्या रकमेने. म्हणून इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, कंब्रिया परगण्याच्या किनाऱ्यावर, रॅव्हनग्लास नावाच्या खेड्यात चार रात्री काढण्याचा योग आला तेव्हा मी मुद्दाम एक आठ-दहा खोल्यांचे साधे हॉटेल पसंत केले. हॉटेल कसले, जुन्या घरालाच हॉटेलची पाटी लावलेली. जिना अरुंद, खोली लहान, खुर्ची एक पाय आखडून बसणारी. पण खिडकी उघडली की पलीकडच्या आवारातून कोळशाच्या धुराचा वास आत येई, आणि पन्नाशी उलटलेल्या माझ्यासारख्या माणसाचे मन त्या वासासरशी कुर्डुवाडीच्या स्टेशनावर जाऊन उभे राही.

हॉटेलची मालकीण साठीच्या घरातली, गोल चेहऱ्याची आणि मोकळ्या बोलण्याची बाई होती. मी मांसाहार करीत नाही असे पहिल्याच संध्याकाळी भीतभीत सांगितले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी अळंबी, टोमॅटो, बटाटे आणि उकडलेल्या घेवड्याच्या बिया एवढे सारे एका ताटात मांडून ती स्वतः टेबलापाशी उभी राहिली, आणि मी पहिला घास घेतल्यावरच स्वयंपाकघराकडे वळली. ‘‘तुम्ही डोंगरासाठी आलात की आगगाडीसाठी?’’ तिने विचारले. येथे येणाऱ्या पाहुण्यांच्या एवढ्या दोनच जाती तिला ठाऊक. मी म्हटले, ‘‘इतिहासासाठी.’’ त्यावर ती हसून म्हणाली, ‘‘म्हणजे आगगाडीसाठीच!’’

तिचे म्हणणे खरे ठरले. वस्तुतः रॅव्हनग्लासला इतिहासाची वाण नाही. अर्ट, माइट आणि एस्क या तीन नद्या येथे एकाच मुखाने समुद्रास मिळतात. हे निवाऱ्याचे बंदर हेरून रोमन लोकांनी येथे ठाणे वसविले होते, आणि त्यांच्या स्नानगृहाच्या पुरुषभर उंचीहून अधिक उंच भिंती झाडीत अजून उभ्या आहेत. गावाला रस्ता असा एकच. तो दोन्ही बाजूंच्या घरांमधून उतरत उतरत थेट वाळूत जाऊन संपतो. पण रोमन भिंती पाहून झाल्यावर माझे पाय पुन:पुन्हा वळत ते त्या आवाराकडे, जेथे माझ्या कमरेच्या थोडी वर येणारी एंजिने फुसफुसत उभी असत.

या लोहमार्गाच्या दोन रुळांमधले अंतर पंधरा इंच आहे. पंधरा इंच म्हणजे पुरता हातभरही नव्हे. वाचकांस अंदाज यावा म्हणून सांगतो की, माथेरानच्या गाडीचा मार्ग चोवीस इंचांचा, आणि आपल्या बार्शी लाइट रेल्वेचा तीस इंचांचा होता. म्हणजे येथल्यापेक्षा बरोबर दुप्पट. एवढ्याशा रुळांवरून माणसांनी भरलेली दहा-बारा डब्यांची गाडी सात मैल दूर डोंगराच्या पायथ्यापर्यंत चाळीस मिनिटांत जाते. डब्यात दोघे शेजारी बसली की जागा संपते. गाडी इतकी जमिनीलगत चालते की, कुंपणापलीकडच्या मेंढ्यांशी आपली दृष्टादृष्ट बरोबरीच्या नात्याने होते.

स्थानिक लोक या गाडीस ‘लाल रॅटी’ म्हणतात. तेथील बोलीत ‘लाल’ म्हणजे लहान. मला या शब्दाची मोठी मौज वाटली. आपल्याकडे नंदाच्या लाडक्या मुलास नंदलाल म्हणतात, तेव्हा त्या अर्थानेही नाव शोभावे. आणि लाल रंगाच्या अर्थाने तर ते अधिकच शोभते. कारण या मार्गाचा जन्म लाल मातीतून झाला.

एस्कडेल खोऱ्याच्या वरच्या टोकास बूट नावाचे खेडे आहे. त्याच्या मागल्या डोंगरात, नॅब गिल येथे, लोखंडाचे लाल खनिज सापडले. ते खाली समुद्रकाठच्या मोठ्या लोहमार्गापर्यंत आणण्यासाठी १८७३ मध्ये पार्लमेंटकडून कायदा करवून घेण्यात आला आणि १८७५ मध्ये तीन फूट रुंदीचा मार्ग सुरू झाला. पुढल्या वर्षी उतारूही घेतले जाऊ लागले. बेत मोठा होता, पण वेळ वाईट आली. लोखंडाच्या धंद्यात मंदी शिरली, खाणीची कंपनी १८७७ मध्येच बुडाली, आणि ज्या मालासाठी रूळ घातले तो मालच आटला. पुढली तीस-पस्तीस वर्षे हा लोहमार्ग दिवाळखोराच्या घरासारखा कसाबसा तग धरून राहिला. १९०८ मध्ये उतारूंची ने-आण थांबली. १९१३ मध्ये मालाचीही थांबली. रुळांवर गवत माजले. एखाद्या लोहमार्गाचा इतिहास एरवी येथेच संपतो.

तिसऱ्या दिवशी मी बूटहून चढून नॅब गिलपर्यंत गेलो. गाडीने येणारे बहुतेक लोक खालच्या उपाहारगृहात चहा पिऊन परत फिरतात. वर जाणारा मी एकटाच होतो. पडक्या भिंती, उतारावरून खनिज खाली सोडण्याच्या वाटेची खूण, आणि पावसाने उघडी पडलेली तांबडी दगडमाती, एवढेच आता तेथे उरले आहे. खाली गाडीची शिटी वाजे आणि मुलांच्या हसण्याचा आवाज वर येई. तो आवाज मला गोड वाटला नाही असे नव्हे. परंतु ज्यांनी या अंधाऱ्या भोकांत शिरून आपले आयुष्य झिजविले, त्यांच्यासाठी ही गाडी कधीच खेळणे नव्हती, हा विचार काही केल्या मनातून जाईना. आज त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला खालच्या स्टेशनात आढळले नाही. एंजिनांना मात्र प्रत्येकास नाव आहे.

आता या मार्गाच्या पुनर्जन्माकडे वळू. त्यासाठी आपणास दोन अगदी निराळ्या स्वभावांच्या माणसांची ओळख करून घेतली पाहिजे.

पहिला सर आर्थर हेवुड. हा डर्बीशायरमधला सरदार घराण्यातला गृहस्थ, छंद यंत्रकामाचा. कोणत्याही बड्या जमीनदारास आपल्या इस्टेटीत, किंवा सैन्यास आपल्या तळावर, कमीत कमी खर्चात उपयोगी लोहमार्ग घालावयाचा तर तो किती अरुंद असावा, या प्रश्नाने त्यास झपाटले होते. त्याने आधी नऊ इंचांचा प्रयोग करून पाहिला, गाडी डळमळे. मग १८७४ पासून डफील्ड बँक येथील आपल्या घराच्या आवारात पंधरा इंचांचा मार्ग बांधावयास घेतला. चढ, बोगदा, पूल सर्व काही त्यात होते, आणि एंजिनेही तो स्वतःच्या कारखान्यात घडवी. १८८१ मध्ये त्याने आपल्या अनुभवावर एक पुस्तिकाही लिहिली. पंधरा इंच ही त्याच्या मते उपयुक्ततेची शेवटची पायरी. त्याखाली उतरलात की खेळणे झाले. लष्करी खात्याने त्याचे म्हणणे मनावर घेतले नाही. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने मात्र १८९६ मध्ये आपल्या ईटन हॉलसाठी त्याच्याकडून असा मार्ग बांधून घेतला. एवढ्या खटाटोपाचे फळ एवढेच. १९१६ मध्ये हेवुड वारला.

दुसरा डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक. हा नॉर्दॅम्प्टनचा प्रसिद्ध खेळणीकार. मोठ्या एंजिनांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती करून विकणे हा त्याचा व्यापार. हेवुडला उपयोग हवा होता, यास साम्य हवे होते. रुळांची रुंदी दोघांची एकच, पण दृष्टी अगदी उलट. हेवुडचे एंजिन पाहिले तर ते कोणत्याच मोठ्या एंजिनासारखे दिसत नाही. ओबडधोबड, पण कष्टाळू. बॅसेट-लोकचे एंजिन राजवाड्यात ठेवावे असे सुरेख. १९१५ मध्ये, महायुद्ध भर रंगात असताना, बॅसेट-लोक आणि त्याचा सहकारी प्रॉक्टर-मिचेल यांनी गवताने भरलेला हा मृत लोहमार्ग भाड्याने घेतला, तीन फुटांचे रूळ सरकवून पंधरा इंचांवर आणले, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टात आपले ‘सां पारेय’ नावाचे सुंदर एंजिन त्यावर सोडले. नावाचा अर्थ ‘अतुल्य’. १९१७ पर्यंत गाडी पुन्हा बूटपर्यंत पोहोचू लागली. पुढे शेवटचा तीव्र चढ सोडून देऊन डेलगार्थ येथे शेवटचे स्टेशन करण्यात आले.

येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणीही म्हणेल की, गंभीर कामात बुडालेला लोहमार्ग खेळण्याने तारला. मीही आधी तसेच समजत होतो. पण हॉटेलात संध्याकाळी येऊन बसणारे एक निवृत्त शाळामास्तर होते. ते उन्हाळ्यात बिनपगारी एंजिन हाकीत आणि त्यांच्या नखांतली काजळी धुऊनही जात नसे. त्यांनी माझी ही समजूत पहिल्याच बैठकीत मोडली. ‘‘खेळण्यांनी फार तर दार उघडले,’’ ते म्हणाले. ‘‘घर चालविले ते दुसऱ्यांनी.’’

त्यांचे म्हणणे असे, आणि कागदपत्रांचा साक्षीपुरावाही त्यांच्याच बाजूचा आहे. प्रदर्शनासाठी आणि बागेतल्या सपाट फेऱ्यांसाठी केलेली ती देखणी एंजिने एस्कडेलच्या चढांवर, पावसाळी रुळांवर आणि रोजच्या ओझ्याखाली लौकरच खिळखिळी झाली. ती मोठ्या एंजिनांसारखी दिसत, पण मोठ्या एंजिनांसारखे राबण्यासाठी ती जन्मली नव्हती. मग आधार कोणी दिला? दिवंगत हेवुडने! त्याची ‘एला’ आणि ‘म्युरिएल’ ही दोन कुरूप, कष्टाळू एंजिने १९१७ मध्ये येथे आली आणि कामास जुंपली गेली. लष्कराने नाकारलेला हा विचार एका सहलीच्या गाडीने खरा करून दाखविला. १८९४ मध्ये बांधलेल्या म्युरिएलची चाके आणि सांगाडा कायम ठेवून १९२७ मध्ये तिला नवा बाष्पक बसविण्यात आला, आणि ‘रिव्हर अर्ट’ या नव्या नावाने ती आजही धावते. पंधरा इंची मार्गावर राबणारे हे जगातले सर्वांत जुने एंजिन मानले जाते. पुढे १९२३ मध्ये हेन्री ग्रीनली याने आराखडा केलेले ‘रिव्हर एस्क’ आले. ते दिसावयास मोठ्या एंजिनासारखे असले तरी आठ जोडचाकांनी ओझे ओढण्यासाठी केलेले होते. तेही आज चालू आहे. सां पारेय मात्र कधीच मोडीत निघाले.

ओझे कशाचे, असे वाचक विचारतील. केवळ सहलीला आलेल्यांचे नव्हे. १९२२ मध्ये बेकफूट येथे ग्रॅनाइटची खाण उघडली, आणि तो दगड मर्थवेट येथील फोडण्याच्या कारखान्यापर्यंत याच गाडीने वाहिला. धंदा इतका वाढला की १९२९ मध्ये मर्थवेटपासून रॅव्हनग्लासपर्यंत सुमारे अडीच मैल नेहमीच्या रुंदीचे रूळ घालावे लागले. आणि ते कोठे घातले? या पंधरा इंची रुळांच्याच दोन्ही बाजूंना! म्हणजे एकाच वाटेवर चार रूळ. बाहेरच्या दोहोंवरून मोठ्या लोहमार्गाच्या वाघिणी जात आणि त्यांच्या पोटाखालच्या जागेतून लहान गाडी. हॉटेलच्या जेवणघरात त्या काळचे एक छायाचित्र टांगलेले आहे. गाईच्या पायांत वासरू उभे असावे तसे ते दिसते. मी ते रोज जेवताना पाही, आणि मालकीण रोज नव्याने मला त्यातील बारकावे समजावून सांगे.

दुसऱ्या महायुद्धात उतारूंची गाडी बंद होती. दगडाची वाहतूक चालू राहिली. पण १९५३ मध्ये खाणच बंद पडली, आणि मालकीच्या ग्रॅनाइट कंपनीस एकट्या उन्हाळी उतारूंवर हे लोढणे सांभाळण्यात रस उरला नाही. काही वर्षांनी लोहमार्ग विक्रीस निघाला, गिऱ्हाईक मिळेना. अखेर १९६० च्या सप्टेंबरात लिलाव पुकारण्यात आला. घेणारा भंगारवाला असता तर रूळ, एंजिने आणि डबे तुकड्यातुकड्यांनी गेले असते.

येथे या कथेतली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची मंडळी प्रवेश करतात. ती कोणी मोठी मंडळी नव्हती. आसपासचे रहिवासी व आगगाडीचे शौकीन यांनी मिळून एक संरक्षक मंडळ स्थापन केले आणि वर्गणी गोळा करण्यास प्रारंभ केला. अशा वर्गण्यांचा अनुभव आपणासही आहे. सभेत टाळ्या जितक्या पडतात तितके पैसे पडत नाहीत. रक्कम अपुरी पडली. तेव्हा कॉलिन गिल्बर्ट या शेअर-दलालाने आणि सर वेव्हेल वेकफील्ड यांनी उरलेला भार उचलला. वेकफील्ड हे एके काळचे इंग्लंडच्या रग्बी संघाचे कप्तान आणि पार्लमेंटचे सभासद. लिलावात सुमारे बारा हजार पौंडांस हा सात मैलांचा लोहमार्ग मंडळाच्या बाजूने विकत घेतला गेला. लक्षात घ्या, त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६३ मध्ये, बीचिंग यांचा प्रसिद्ध अहवाल आला आणि त्याच देशाने हजारो मैलांचे लोहमार्ग तोट्याचे म्हणून बंद करण्यास काढले. मोठ्या मार्गांना जी माया मिळाली नाही ती या चिमुकल्यास मिळाली. याचे एक कारण अगदी व्यवहारी आहे: तो इतका लहान होता की, चारचौघांच्या खिशाला आणि हातांना त्यास वाचविणे आटोक्यातले होते.

हातांना, हा शब्द मी मुद्दाम वापरला. १९६६ मध्ये मंडळाच्या सभासदांनी आपल्या पैशांनी ‘रिव्हर माइट’ हे नवे एंजिन यॉर्क येथे बांधून घेतले, आणि ऐन डिसेंबरात वाफेवर चालणाऱ्या रस्त्यावरील एंजिनाच्या मागे जोडून ते पेनाइन डोंगरांपलीकडून रॅव्हनग्लासला ओढीत आणले. १९७६ मधले ‘नॉर्दर्न रॉक’ तर येथल्याच कारखान्यात घडले, आणि पुढे त्याच धर्तीची दोन एंजिने येथून जपानात शुझेंजीला गेली. खेळणे म्हणून हिणविलेल्या मार्गाने दुसऱ्या देशास एंजिने पुरवावी, ही गोष्ट हेवुडच्या आत्म्यास समाधान देणारी खरीच. २०१३ च्या वसंतात तोच कारखाना आगीत जळाला. तो पुन्हा उभा केला गेला. मुलांच्या जगात तर या गाडीने केव्हाच घर केले आहे: रेव्हरंड ऑड्री यांच्या १९६७ मधल्या एंजिनांच्या गोष्टींतील लहान लोहमार्ग याच गाडीवरून घेतलेला आहे.

तरी या सर्व प्रकारास मी निखळ यश म्हणणार नाही. खोऱ्यात आज खाण नाही, दगडाचा कारखाना नाही. उत्तरेस थोड्याच मैलांवर किनाऱ्यावर सेलाफील्डचे अणुकेंद्र आहे आणि आसपासच्या कितीतरी घरांची चूल त्याच्यावर पेटते. शेजारची बरीच खेडी उन्हाळ्यातल्या पाहुण्यांची वाट पाहत हिवाळा काढतात. गाडी सुटते ती आता मालासाठी नव्हे, मौजेसाठी. पण ती मौज चालू ठेवण्यास पहाटे पाचला उठून एंजिन पेटवावे लागते, रुळांखालची लाकडे बदलावी लागतात, आणि हे करणाऱ्यांत पगारी कामगारांच्या बरोबरीने त्या शाळामास्तरांसारखी माणसे असतात. एके पहाटे मी खिडकीतून पाहिले तो ते अंधारात कंदील घेऊन एंजिनाच्या चाकांना तेल घालीत होते. पाऊस पडत होता. त्या दिवशी उतारू सगळे मिळून पंधरासुद्धा नसतील.

निघण्याच्या आदल्या रात्री मालकिणीने मला विचारले, ‘‘तुमच्या देशात अशी गाडी आहे का हो?’’ मी तिला बार्शी लाइटची गोष्ट सांगितली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या तिच्याच देशातल्या एंजिनियरने ती १८९७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात सुरू केली. प्रत्येक आसावर सारखे, पाच टनांपेक्षा अधिक नाही असे ओझे विभागले, तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो हे त्याने तेथे सिद्ध करून दाखविले. १९०६ मध्ये ती गाडी पंढरपूरला पोहोचली आणि वारकऱ्यांची झाली. लहानपणी आजीबरोबर मी तिने पंढरपूरला गेलो होतो. डब्यात पाय ठेवण्यास जागा नव्हती, टपावर माणसे होती, आणि आजी साऱ्या वाटेभर मला खिडकीबाहेर हात काढू नकोस म्हणून दटावीत होती. एंजिनाच्या धुराने तिचे पांढरे लुगडे काळे झाले होते. चंद्रभागेत स्नान करून ते निवळेल असे ती म्हणाली होती.

बाई लक्ष देऊन ऐकत होती. ‘‘मग ती गाडी आता कोणी सांभाळली?’’

मी म्हटले, ‘‘कोणी नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात तो मार्ग रुंद झाला. आता मुंबईहून पंढरपूरला थेट गाडी जाते, वाटेत बदलावी लागत नाही.’’

‘‘म्हणजे बरेच झाले की,’’ ती म्हणाली.

मी क्षणभर थांबलो. तिच्या तोंडून हळहळीची अपेक्षा केली होती, हे मला त्या वेळी कळले. पण ती बाई त्या खोऱ्यातली होती, आणि दळणवळण नसले म्हणजे काय होते हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. आषाढीला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांस रुंद मार्गाने सुख झाले, यात संशय नाही. ‘‘होय, बरेच झाले,’’ मी म्हटले.

सकाळी बिल देताना तिने कागदात बांधलेले चीजचे सँडविच माझ्या हाती दिले. त्याचे पैसे तिने लावले नव्हते. मोठ्या लोहमार्गाच्या फलाटावर मी उभा होतो, तेव्हा पलीकडच्या आवारात रिव्हर अर्टला पहिल्या फेरीसाठी डबे जोडले जात होते. शाळामास्तरांनी टोपी हालवली. तेवढ्यात माझी गाडी आली.